लाँचच्या वेळेची चूल

गेटवेहून निघालेली लाँच तासाभराने घारापुरीच्या धक्क्याला लागते आणि लेण्यांकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर, दुकानांच्या ताडपत्र्यांखालून, फोडणीचा वास येऊ लागतो. त्रिमूर्ती पाहायला आलेला माणूस आधी मक्याच्या कणसापाशी थांबतो आणि ते माकडाने पळवले नाही तर स्वतःला भाग्यवान समजतो. १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून मिरवणारी ती लेणी पाहायलाच मीही गेलो होतो; घरी परतल्यावर मात्र आठवत राहिली ती वाटेवरच्या एका लहानशा खानावळीतली चूल.

कांदे-बटाटे, तेल, गॅसचे सिलिंडर, थंड पेयांच्या बाटल्या, सारे काही पाण्यावरून येते आणि मग वर वाहून न्यावे लागते. “काही विसरलं तर शेजारीण, नाहीतर समुद्र,” खानावळीच्या मावशी म्हणाल्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, म्हणजे उरते ती शेजारीणच.

समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत असताना या बेटावर कित्येक वर्षे जनरेटरची वीज संध्याकाळचे काही तासच मिळे. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तिन्ही वस्त्यांत कायमची वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोवर मासळी आली की ती त्याच दिवशी शिजवायची, उरली तर वाटायची किंवा वाळत घालायची. फ्रिज आल्यापासून कालवणाच्या वाट्यांची घरोघरची ये-जा कमी झाली, असे मावशींनी सहज सांगितले. त्यांच्या सुरात तक्रार नव्हती, ती मलाच ऐकू आली. त्यांच्याच फ्रिजमधली गार बाटली हातात धरून असली हळहळ करणे पाहुण्यालाच परवडते.

सोमवारी लेणी बंद असतात. “आमचा रविवार सोमवारी,” त्या हसून म्हणाल्या. पाहुण्यांकडे जाणे, उरणची कामे, घरातले ठरवाठरवीचे विषय, सगळे त्या दिवसासाठी राखून ठेवलेले असते.

शेवटच्या लाँचची वेळ झाली तसे खाली धक्क्यावरून हाका येऊ लागल्या. पैसे देताना मी विचारले, “मावशी, तुम्ही जेवलात का?”

“तुम्ही मंडळी गेलात की जेवू,” त्या म्हणाल्या आणि तवा पुन्हा चुलीवर ठेवला.