आंबिलीसारखं कूलंट

मे महिन्याचा पहिला आठवडा. या दिवसांत आमचं गॅरेज रात्रीही बंद होत नाही, कारण आंबा रात्रीच निघतो. पाली सोडली की नाणीजचा चढ, पुढे साखरपा, मग आंबा घाट आणि पहाटे कोल्हापूरचं मार्केट. भरलेल्या पिकअपला काही दुखत असेल तर ते पहिल्या चढालाच बाहेर येतं आणि गाडी हळूहळू मागे वळून माझ्या दारात उभी राहते.

ही पिकअप रात्री साडेआठला आली. मागे हापूसचे क्रेट, वर ताडपत्री, पुढे बॉनेटमधून वाफ. पोरगा ओळखीचा, खाडीकाठच्या वाडीतला. उतरल्या उतरल्या सीटखालचा फडका घेऊन रेडिएटरच्या टोपणाकडे निघाला. मी त्याचा हातच धरला. माझ्या डाव्या मनगटावर जो चट्टा आहे तो अशाच एका टोपणाचा. शिकाऊ असताना मीही फडका घेऊनच गेलो होतो.

"मिस्त्री, काटा लालात गेला. पर कूलंट भरलेला हाय. परवाच टाकलाय."

"कुठलं टाकलंस?"

"लाल."

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं औषधी पाणी. गाडी निवेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात त्याने तीनदा ताडपत्री उचलून आंबा हुंगला. मग टोपण काढलं आणि बॅटरी मारली. आत पाणी नव्हतंच. नाचणीची आंबील असते ना, गार झाल्यावर वर साय धरलेली, तसं काहीतरी तपकिरी लिबलिबीत होतं. टोपणाच्या रबराला ते चिकटून वर आलं.

पहिल्यांदा माझ्याही पोटात गोळा आला. तेल पाण्यात गेलं की असंच दिसतं. म्हणजे इंजिनात तेल-पाणी वेगळं ठेवणारी पट्टी, हेड गॅसकेट, गेली, म्हणजे हेड उतरवा, म्हणजे त्या पोराचा अख्खा सीझन गेला. ऑइलची पट्टी काढली. ऑइल काळं, पण स्वच्छ, दुधाळपणा कुठेच नाही. मग तो गाळ बोटावर घेऊन चोळला. तेलकट नव्हता, रव्यासारखी कचकच लागत होती. एक थेंब पेल्यातल्या पाण्यात सोडला. तेल असतं तर वर तरंगलं असतं. हा तळाला बसला आणि भोवतीचं पाणी गढूळ झालं. गॅसकेट शाबूत होतं. गाडी इंजिनाने नाही, पाण्याने आजारी होती.

आता उलटतपासणी. हे काम पाना फिरवण्यापेक्षा अवघड, कारण गाडीत काय ओतलं ते कुणी पहिल्या फटक्यात खरं सांगत नाही. परवा पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातून लाल बाटली. त्याआधी?

"त्याआधी पानीच घालीत होतो. घरच्या हिरीचा."

खाडीकाठची विहीर आणि एप्रिल-मे. गोडं पाणी खाली गेलं की खारं आत शिरतं. तोंडात धरलं तर मचूळ लागतं, भातही त्यात नीट शिजत नाही म्हणतात. ते पाणी महिनाभर ॲल्युमिनियमच्या अंगात उकळत फिरलं होतं. थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं, घर उघडलं तर आत पांढरी भुकटी आणि वाळवीने खाल्ल्यासारखे बारीक खड्डे. मिठातलं क्लोराईड ॲल्युमिनियमला असंच कुरतडतं, आणि थेट भोक पडेपर्यंत पत्ता लागू देत नाही.

"आणि त्याच्या आधी काय होतं रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "त्याच्या आधी तुम्हीच भरलात ना. गणपतीत. पाइप फुटला होता तेव्हा."

डायरी काढली. माझंच अक्षर: होज पाइप बदलला, हिरवं ३ लिटर.

त्याच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातून, टोलच्या पावत्यांखालून, गाडीचं पुस्तक निघालं. त्यात सरळ लिहिलेलं: ऑरगॅनिक ॲसिडचं कूलंट, निम्मं पाणी. मी त्या दिवशी पुस्तक मागितलं नव्हतं. चाकरमानी रांगेत उभे, फळीवर हिरवा डबा होता, तो ओतला. कोकणात बर्फ कुठे पडतो, कुठलंही चालतं, असं मीही त्या काळी बिनदिक्कत म्हणायचो.

ही दोन औषधं वेगळ्या गावची. जुन्या पद्धतीच्या हिरव्यात सिलिकेट, फॉस्फेट असतात. ते आतल्या सगळ्या धातूवर सारवण घातल्यासारखा थर देतात आणि साधारण दोन वर्षांत संपतात. ऑरगॅनिकवालं सारवत बसत नाही, जिथे गंज धरायला लागतो तिथेच जाऊन बसतं, म्हणून पाच-पाच वर्षं टिकतं. दोन्ही एकत्र केली की एकाचंही काम धड होत नाही. नुसत्या मिसळण्याने दरवेळी असा चिखल होतो असं मात्र नाही. कितीतरी गाड्या तशाच फिरतात आणि मालकाला कळतही नाही. इथे विहिरीच्या क्षारांनी फॉस्फेटला धरलं आणि साका तळाला बसला. बरं, रंगाचा काही नेम नाही. हिरवं, लाल, गुलाबी, निळं हा डब्यात घातलेला रंग, कंपनीगणिक वेगळा. ऑरगॅनिकवालं हिरवंही मिळतं. डब्याची मागची बाजू वाचायची, पण आपल्याकडे ती कोण वाचतो?

रात्री अकराला त्याच्या चुलतभावाची गाडी आली. ट्यूबलाइटखाली क्रेट एकेक करून पलीकडे गेले. आंब्याचा घमघमाट आणि त्यात घमेल्यातून येणारा कूलंटचा गोडसर वास. शेजारच्या चहावाल्याचा कुत्रा लगेच आला. त्याला हाकललं आणि घमेल्यावर पत्रा टाकला. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड, पण थोडंसं पोटात गेलं तरी जनावराचं मूत्रपिंड जातं. पोरगा म्हणाला, "व्हाळात वतून देऊ?" व्हाळावर खालच्या वाडीची गुरं पाणी पितात. म्हटलं, कॅनमध्ये भर आणि झाकण घट्ट लाव.

मग धुणं. थर्मोस्टॅट काढून ठेवला, साधं स्वच्छ पाणी भरून इंजिन गरम होईपर्यंत चालवलं, निववलं, सोडलं. पहिल्यांदा गढूळ, दुसऱ्यांदा चहासारखं, पाचव्यांदा पाणी पाण्यासारखं दिसलं. पहाटेचे चार झाले होते. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा.

भरताना एक गोष्ट मी उस्तादाकडून शिकलो. त्या गाडीत ७ लिटर मावतं. धुतल्यावर कितीही सोडा, ब्लॉकच्या पोटात लिटर-दोन लिटर पाणी राहतंच. बाहेर बादलीत निम्मंनिम्मं कालवून भरलं की आतल्या पाण्याने ते पातळ होतं. म्हणून आधी साडेतीन लिटर नुसतं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे बिनपाण्याचं कूलंट, ओतायचं आणि वर डिस्टिल्ड पाण्याने गळ्यापर्यंत आणायचं. हिटर चालू ठेवून हवा काढायची, होज दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत.

नंतर कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून पोराला बघायला दिलं. रेघ उणे ३७ वर.

"उने सदतीस? रत्नागिरीत?"

थंडीचा आकडा आपल्या कामाचा नाही, पण त्याच थेंबाची दुसरी बाजू कामाची. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, हे निम्मं मिश्रण १०७ च्या आसपास, आणि टोपणाने दाब धरला की आणखी वर. चढावर हाच फरक लागतो. पण जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. मागे एक साहेब लेहला निघाले होते, नुसतं कॉन्सन्ट्रेट भरा म्हणून हटून बसले. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, आणि उष्णता वाहून न्यायला पाण्यापेक्षा मठ्ठ. त्यांना निम्मं पाणी घालायला लावताना मला जेवढं बोलावं लागलं, तेवढं लग्न जमवतानाही लागलं नसेल.

सहाला पोरगा निघाला. रिकामी गाडी, काटा मधोमध. पैसे काढताना त्याने डायरीतली ती गणपतीची ओळ पुन्हा वाचली आणि विचारलं, "मजुरी कोनी द्यायची मग?" मी कूलंट आणि पाण्याचे पैसे घेतले. मजुरी लावली नाही. रेडिएटरच्या गळ्याला पत्र्याची एक पट्टी तारेने बांधली: ऑरगॅनिक, निम्मं, डिस्टिल्ड, आणि तारीख. तेव्हापासून प्रत्येक गाडीला बांधतो.

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, तो दाखवायला आला. बाटलीतलं केशरी पाणी आरपार दिसत होतं. केबिनमध्ये डोकावलो तर सीटमागे विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

मी बघतच राहिलो तसा तो म्हणाला, "प्यायचा हाय वो. आता पावसाचा ग्वाड झालाय."