१०४ टक्के भरलेली डिस्क

आज सकाळी पहिलीच तक्रार आली ती अशी की, एका वर्कस्टेशनवर पासवर्ड अचूक टाकूनही लॉगिनचीच स्क्रीन पुन्हा समोर येते. दोष पासवर्डचा नसणार, हे ऐकतानाच वाटले होते. टेक्स्ट कन्सोलवरून रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून आत गेलो आणि डिस्कवरची जागा दाखवणारे ‘डीएफ’ चालवले, तर डिस्कचे मुख्य पार्टिशन १०४ टक्के भरलेले. नवख्याला हा आकडा थट्टेचा वाटेल. पण बर्कले परंपरेच्या युनिक्समधली फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था) काही जागा रूटसाठी राखून ठेवते आणि टक्केवारी ती जागा वगळून काढते, त्यामुळे रूटच्या अधिकाराने चालणारी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) त्या राखीव जागेत शिरली की आकडा शंभरापुढे जातो. म्हणजे चोर घरातलाच होता.

फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ने तो लगेच दाखवला: छपाईच्या डीमनची (पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) ६ गिगाबाइटची लॉग फाइल, म्हणजे त्याच्या कामाची नोंदवही. मी ती फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’ने उडवली आणि पुन्हा ‘डीएफ’ पाहिले. १०४ टक्केच! डिस्कवरचे बदल मागाहून लिहिणाऱ्या सॉफ्ट अपडेट्समुळे जागा सुटायला थोडा वेळ लागतो, अशी स्वतःची समजूत घालून पाच मिनिटे थांबलो. आकडा ढिम्म हलला नाही. ‘डीयू’ची बेरीज मात्र बरोबर ६ गिगाबाइटने उतरली होती. खोटे कोणीच बोलत नव्हते. ‘डीयू’ डिरेक्टऱ्यांतून फिरून जी नावे सापडतील तेवढीच मोजते, तर ‘डीएफ’ फाइल सिस्टिमचा स्वतःचा हिशेब वाचते. आणि ‘आरएम’ पुसते ते फक्त नाव. आयनोडचा (फाइलच्या अंतर्गत नोंदीचा) लिंक काउंट, म्हणजे तिच्या नावांची संख्या, शून्यावर आला, तरी फाइल उघडून बसलेली प्रोसेस ती सोडत नाही तोवर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिचे डिस्कवरचे ब्लॉक परत घेत नाही. नवीन सहकाऱ्यांना हे मी किती वेळा समजावले असेल!

उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ला, नाव पुसलेल्या फाइलीच दाखवणारा ‘प्लस एल वन’ हा पर्याय दिल्यावर एकच ओळ आली, तोच डीमन. तो पुन्हा सुरू केला आणि आकडा ८१ वर आला.

फाइल उडवण्याऐवजी शून्य लांबीची केली असती, तर डीमनला हात न लावता जागा सुटली असती. अर्थात, त्याने ती अपेंड पद्धतीने, म्हणजे नेहमी शेवटाला जोडत लिहिण्यासाठी, उघडलेली असायला हवी. नाहीतर तो फाइलमधल्या जुन्याच ठिकाणापासून (ऑफसेट) लिहीत राहतो आणि आतून पोकळ असलेली फाइल पुन्हा तेवढीच मोठी दिसू लागते. निदान पुसण्याआधी लॉगच्या शेवटच्या काही ओळी तरी नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर काढून ठेवायच्या होत्या.

जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणाऱ्या ‘न्यूसिसलॉग’च्या कॉन्फिगरेशनमध्ये ह्या लॉगची नोंदच नव्हती, ती आकाराच्या मर्यादेसह घातली. डीमन एवढे काय लिहीत होता, ते मात्र पुसल्या फाइलबरोबर गेले. नव्या लॉगमध्ये संध्याकाळपर्यंत तीनच ओळी आल्या आहेत, आणि तिन्ही डीमन सुरू झाल्याच्या.