दोन क्रेडिटचा भूगोल

जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर माझी पाळी असते. यंदा एका मुलीने अर्ज पुढे सरकवला. ‘‘सर, ओईत काय भरायचं?’’ मागे आई, हातात दाखल्यांची पिशवी. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, दुसऱ्या शाखेतला विषय. तू सायन्सची, तर आर्ट्स नाहीतर कॉमर्समधला घे, असं सांगून मी मेजर, मायनर, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी अशी विषयांच्या गटांची नावं घेत निघालो. आईने मधेच अडवलं. ‘‘सर, नोकरी कशानं लागंल तेवढं सांगा.’’

मी तालुक्याच्या कॉलेजात 19 वर्षं भूगोल शिकवतोय. त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही नव्हतं.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांना 2024-25 पासून लागलं. एका सत्राला साधारण 22 क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 15 तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या ओईला आठवड्यातून दोन तास. विद्यार्थ्यासाठी ही आवडनिवड. स्टाफरूममध्ये तिला वर्कलोड म्हणतात. असिस्टंट प्रोफेसरचे आठवड्याला 16 तास भरले पाहिजेत. तास नसतील तर जागा मागायची कशाच्या जोरावर? अनुदानित कॉलेजात पगार शासन देतं, पण मंजूर जागेवरच्या माणसाला. आणि जागा मंजूर असली तरी ती भरायची परवानगी वेगळी. ती यायला किती वर्षं लागतात हे आमच्या विभागाला विचारा.

आमचे सर निवृत्त झाले त्यांची खुर्ची अजून रिकामीच आहे. त्यांचे पेपर सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा, एक मुलगा शिकवतो. मुलगा कसला, नेट आणि पीएचडी झालेला, दोन लेकरांचा बाप. जेवढे तास तेवढे पैसे, दिवाळीच्या सुट्टीत शून्य, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. किराणावाला त्याला ‘प्राध्यापक’ म्हणून उधारी देतो.

आमच्याच डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, नॉनग्रँट बीसीए आहे. तिथे पगाराला शासनाचा रुपया नाही. फीमधून पगार, फीमधूनच कॉम्प्युटर. 2024 पासून त्याला सीईटी लागली, तेव्हापासून संस्थेच्या ऑफिसात प्रवेशाचे आकडे दबक्या आवाजात बोलतात. खालचा भूगोल वर्कलोडवर जगतो, वरचं बीसीए ॲडमिशनवर. जिना मात्र एकच.

फीचा विषय निघाल्यावर आई पुढे सरकली. मी उत्पन्नाचा दाखला पाहिला, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज कधी भरायचा आणि बँक खातं आधारला जोडलंय का ते विचारलं. हे काम मला क्रेडिटपेक्षा बरं जमतं.

मुलगी अजून ओईच्या रकान्यावर पेन धरून होती. ‘‘पर्यटन भूगोलात फिरायला नेता का, सर?’’

‘‘नेतो की.’’ (मागच्या वर्षी एसटीचं भाडं आम्ही दोघांनी खिशातून भरलं होतं.)

तिने खूण केली. शेजारच्या टेबलावरून आमचा सीएचबीवाला वाकून बघत होता. त्याने वहीत एक उभी रेघ वाढवली आणि हळूच म्हणाला, ‘‘सर, सत्तावीस.’’