मधला तारा

हिवाळा लागला की माझ्या आठ इंची दुर्बिणीतून एनजीसी 1514 हा तेजोमेघ, म्हणजे वायूचा धूसर ढग, बघायचा, हे गेली अकरा वर्षं ठरलेलं आहे. कृत्तिकांच्या ईशान्येला, वृषभ आणि ययातीच्या सीमेवर. आधी दिसतो तो एक तारा, बऱ्यापैकी ठळक. फक्त ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावला की तारा मंदावतो, आणि नजर जरा बाजूला सरकवली की त्याच्याभोवती राखाडी, धूसर गोल उमटतो. थेट बघायला गेलं की गोल विरतो, तारा तेवढा उरतो.

13 नोव्हेंबर 1790 च्या रात्री खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनेही इथेच मधोमध एक तारा आणि भोवती धूसर तेज असंच पाहिलं. तोवर तेजोमेघ म्हणजे सुटे तारे न दिसणारे दूरचे पुंजच, असं त्याचं मत बनत चाललं होतं. हे तेज मात्र पुंजाचं नव्हे, त्या एका ताऱ्याभोवतीचंच होतं, आणि त्याने ते मत बदललं. प्लॅनेटरी नेब्युला हे नावही त्याचंच, ग्रहासारख्या बिंबावरून. मरणाऱ्या ताऱ्याने टाकलेल्या वायूच्या अशा कवचाला आपल्याकडे बिंबाभ्रिका म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो.

त्या मधल्या ताऱ्याला मी सुरुवातीला मरणारा तारा समजत होते. तो नाहीच मुळी! त्याचं तापमान साधारण 10,000 अंश. ऑक्सिजनला असं हिरवट चमकवायला जे जहाल अतिनील किरण लागतात, ते एवढ्या तापमानाला पुरेसे निघत नाहीत. ते येतात त्याच्या शेजाऱ्याकडून. कवच टाकून बसलेला उघडा, कितीतरी तप्त गाभा आहे तो, पण जोडीदाराच्या झगमगाटात लपलेला. वर्षानुवर्षं वर्णपट टिपत राहिल्यावर 2017 मध्ये कळलं, की दोघांना एकमेकांभोवती फिरायला सुमारे 3,300 दिवस लागतात. म्हणजे 9 वर्षं.

या जोडीदारामुळेच आकार बिघडतात, किंवा घडतात म्हणा. एकट्या ताऱ्याचं कवच चहूकडे सारखं पसरायला हवं. पण जोडीदार अगदी जवळ असला तर फुगलेल्या ताऱ्याच्या पोटातच ओढला जातो. तिथे फिरताना त्याची कक्षा आक्रसते आणि त्या ऊर्जेवर कवच उधळलं जातं. कक्षेच्या पातळीत वायू दाटतो, मागून ताऱ्यातून येणारा वेगवान वारा वरून आणि खालून वाट काढतो, आणि मेघाचा डमरू होतो. एबेल 63 या दुसऱ्या बिंबाभ्रिकेच्या मध्यावरची जोडी आज 11 तासांत फेरी मारते, इतकी ती जवळ आलीय.

एनजीसी 1514 मधले दोघं लांब राहिले. तरीही आतले बुडबुडे वेडेवाकडे आहेत, आणि बाहेर धुळीची दोन वलयं आहेत, पिंपाला वर-खाली पट्टी मारावी तशी. ती 2010 मध्ये अवरक्त दुर्बिणीला सापडली, आणि 2025 मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चित्रात त्यांचे विस्कटलेले पदर सुटे दिसले. माझ्या फिल्टरमधून ती कधीच दिसणार नाहीत.

हर्शेलच्या त्या रात्रीपासून या जोडीच्या जेमतेम 26 फेऱ्या झाल्यात. मी बघायला लागल्यापासून एक पुरी झाली, दुसरी चालू आहे.