खोक्यातलं स्टफिंग, डब्यातली क्रॅनबेरी

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या ताटातले निम्मे पदार्थ आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरात जन्मलेत. आम्ही दक्षिण न्यू जर्सीत, चेरी हिलला राहतो. शेजारी कॅम्डेन, म्हणजे कॅम्पबेल सूपचं गाव. डब्यात घट्ट भरायचं आणि घरी पाणी घालून सारखं करायचं, असं सूप जॉन डोरन्स नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८९७ मध्ये तिथं तयार केलं. नदी ओलांडली की फिलाडेल्फिया. त्याच्या कडेला विंडमूरला सरकारी कृषी प्रयोगशाळा आहे. उकडलेल्या बटाट्याचे सुके पापुद्रे करायची पद्धत १९५० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी बसवली. आणि पूर्वेला पाइन बॅरन्सचा रेताड जंगलपट्टा, तिथं क्रॅनबेरी पिकते. ऑक्टोबरात तिथल्या वाफ्यांत पाणी सोडतात, फळं वर तरंगतात आणि अख्खं शेत लाल दिसतं. भारतातून कुणी आलं की आम्ही हमखास दाखवायला नेतो.

एवढं सगळं सांगायचं कारण आमची आई. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. बुधवारी संध्याकाळपर्यंत ऑफिस, गुरुवारी बहुतेक दुकानं बंद, आणि दुपारी चार-पाचला पाहुणे दारात. मी फोनवर बेत सांगितला: स्टफिंग खोक्यातलं, बटाटा पाकिटातला, सॉस डब्यातला, कोंबडी दुकानातून भाजलेली.

"अगं, सणासुदीला सगळं विकतचं? लोक काय म्हणतील?"

स्वतः तिच्याकडे अनारसे आणि चकलीची भाजणी कित्येक वर्षं बचत गटाकडून येते. पण ते तिच्या हिशेबी विकतचं नसतं, ते "आपल्या काकूंकडचं" असतं.

लोक काय म्हणतील याचं उत्तर असं, की इथले लोक खोकं नसेल तरच काहीतरी म्हणतील. ग्रीन बीन कॅसरोलचंच घ्या. फरसबी, मशरूमच्या सूपचा एक डबा, थोडं दूध, चमचाभर सोया सॉस, मिरपूड, वर डब्यातलाच तळलेला कुरकुरीत कांदा. एवढं एका भांड्यात कालवून भाजायचं, बस. १९५५ मध्ये कॅम्पबेलच्या कॅम्डेनमधल्या चाचणी स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर ही कृती बसवली. अट साधी होती: कुठल्याही अमेरिकन घराच्या फडताळात सापडेल एवढ्याच सामानात व्हायला हवं. आज ती कृती लोकांना आजीची वाटते. बाईंच्या हातची मूळ कृती २००२ मध्ये ओहायोतल्या संशोधकांच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली. फरसबीच्या भाजीला असा मान! चवीबद्दल म्हणाल तर मऊ, खारट, गुळमट. मी त्यात दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून घालते. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

क्रॅनबेरीची मात्र मजा आहे. ताजी क्रॅनबेरी नोव्हेंबरात ढिगानं मिळते आणि साखर-पाणी घालून दहा-पंधरा मिनिटांत तिचा झकास सॉस होतो. वर संत्र्याची साल किसून टाकली की आपल्या आंबटगोड चुंद्याच्या जवळ जातो. मी तो करते आणि आम्ही घरचे तो खातो. पण शेजारच्या आजींना डब्यातला लागतो. जेलीचा तो लाल दंडगोल डब्यातून अखंड घसरून बशीत यायला हवा, डब्याच्या गोल वळ्या त्याच्यावर उमटलेल्या दिसायला हव्यात, आणि कापही त्या वळ्यांवरूनच करायचे. "मोडू नकोस हं," असं दरवर्षी बजावून सांगतात. ओशन स्प्रेच्या डब्याचं लेबल उलटं लावलेलं असतं, म्हणजे लेबल सुलट धरलं की डब्याची गोलसर कड वर येते. ऐटीत उभ्या डब्याचं बूड कापायचं, म्हणजे जेली सुखरूप बाहेर येते. ही ओशन स्प्रे कंपनी म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. १९३० मध्ये तिघांनी मिळून काढली, त्यांतल्या एलिझाबेथ ली इथल्याच, न्यू जर्सीतल्या न्यू इजिप्तच्या. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

स्टफिंग म्हणजे मुळात टर्कीच्या, या सणाला अख्खा भाजतात त्या मोठ्या पक्ष्याच्या, पोटात भरायचा मसालेदार पावाचा चुरा. तो पोटात न भरता नुसता शिजवून खायची सोय स्टोव्ह टॉप नावाच्या खोक्यानं १९७२ पासून केली. त्यामागच्या रूथ सीम्स जनरल फूड्समध्ये गृहशास्त्रज्ञ होत्या. त्यांची खरी करामत पावाच्या तुकड्यांच्या मापात आहे. फार बारीक झाले तर लगदा होतो, फार मोठे राहिले तर आतून कोरडे. दीड कप पाणी नि लोणी उकळायचं, चुरा घालायचा, गॅस बंद, झाकण, पाच मिनिटं. थोडक्यात उपमाच, पण ढवळून हात दुखत नाहीत. (पुण्यातल्या माझ्या आत्याला हे वाक्य दाखवू नका.)

टर्की मी आणत नाही. गोठलेली टर्की फ्रिजमध्ये नरम व्हायला दर दोन किलोला साधारण एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे सहा किलोची टर्की सोमवारीच फ्रिजमध्ये उतरवायची, मग गुरुवारी काही तास भाजायची, आणि मांसाच्या आत थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सियस झालंय ना ते बघायचं. यात लोक इतके गांगरतात की बटरबॉल कंपनी १९८१ पासून खास टर्कीसाठी फोनवर सल्ला देते. आठ माणसांत तिघं शाकाहारी असताना हा घाट कशाला? दुकानात सळईवर फिरवून भाजलेली कोंबडी मिळते, बुधवारी दोन आणून ठेवते. गुरुवारी सुट्या करून थोडं पाणी शिंपडायचं आणि झाकून गरम करायच्या. ग्रेव्ही बाटलीतली.

शाकाहाऱ्यांसाठी मात्र लेबल वाचल्याशिवाय एकही डबा गाडीत टाकायचा नाही. स्टफिंगच्या नेहमीच्या खोक्यांत कोंबडीचा अंश असतो. रताळ्यावर वितळवायच्या पांढऱ्या मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेला चिकट पदार्थ असतो. पाय, म्हणजे पारीत गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, त्याच्या काही तयार पाऱ्यांत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते, आणि खोक्याच्या दर्शनी बाजूला ते कुणी लिहीत नाही. उलट क्रॅनबेरीची जेली दिसते जिलेटिनसारखी, पण ती फळातल्याच पेक्टिनवर जमते. ती बिनधास्त वाढावी.

खरी अडचण पदार्थांची नाही, ओव्हनची आहे. तो एकच आणि सगळ्यांना तोच हवा. पाय बुधवारी रात्रीच भाजून ठेवायचा. गुरुवारी कॅसरोल १७५ अंशांवर अर्धा तास, ते चालू असताना स्टफिंग गॅसवर, बटाटा मायक्रोवेव्हमध्ये. कॅसरोल बाहेर आलं की कोंबडी, आणि सगळ्यात शेवटी पावाचे रोल. रोलचं कच्चं पीठ गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत भरलेलं असतं. कागद सोलला की नळी फट्कन फुटते. पहिल्यांदा आलेले पाहुणे दचकतात, मुलं मात्र त्यासाठीच स्वयंपाकघरात उभी असतात. पाकिटातल्या बटाट्याला मी तुपात जिरं आणि हिंगाची फोडणी देते. पाहुण्यांत सर्वात आधी संपतो तो हाच.

डब्यातल्या भोपळ्याबद्दल लिहायचं राहिलंच. लिबीजचा डबा इलिनॉयतल्या मॉर्टन गावाहून येतो, आणि त्यातला भोपळा हॅलोविनला कोरतात तो केशरी नव्हे. तो डिकिन्सन जातीचा, बदामी सालीचा, आपल्या लाल भोपळ्याच्याच कुळातला. दुकानात दोन सारखे डबे शेजारी असतात, एक नुसत्या भोपळ्याचा आणि एक पायसाठी साखर-मसाला घातलेला. पहिला घ्यायचा, आणि एक जास्तीचा घ्यायचा. शुक्रवारी सकाळी तो गर कढईत परतून पाणी आटवते, गरम असतानाच चिरलेला गूळ घालून विरघळू देते, चिमूटभर मीठ, वेलची, मग मावेल तेवढी कणीक नि मूठभर तांदळाची पिठी. किसायचं नाही, वाफवायचं नाही, थेट घारगे. पीठ जरा सैल वाटलं तर अर्धा तास झाकून ठेवा, पाणी घालायच्या मोहात पडू नका. शेजारच्या आजी त्यांच्यावर उरलेली क्रॅनबेरी जेली लावून खातात. मीही खाऊन बघितलं, चांगलं लागतं.