एका सहीसाठी ट्रक गेटवर

नागपुरातल्या बेसा रोडवरची ती स्कीम (म्हणजे फ्लॅटची इमारत) सोडून दोन महिने झाले, तरी गेटवरचा तो रविवार आठवला की डोकं तापतं.

सोडायचं कारण लांबवत नाही. लिफ्ट मार्चपासून बंद, बोअरची मोटर जळलेली, टाकी शेवटची कधी धुतली ते कोणाला आठवत नाही. मेंटेनन्सचा मेसेज मात्र पाच तारखेला न चुकता. आई चौथ्या मजल्यापर्यंत चढताना मध्येच पायरीवर बसली, त्या दिवशी ठरलं. मानेवाड्याला घर आठवड्यात मिळालं. पुण्यात राहणाऱ्या घरमालकांना महिनाभर आधी लेखी कळवलं. ट्रक ठरवला तो ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, हा माझा गाढवपणा. मे महिन्यात नागपुरात सामान हलवायचं तर हमालांना पहाटेच बोलवा. दहानंतर लोखंडी कपाटाला हात लावता येत नाही.

साडेनऊला ट्रक भरला आणि चौकीदाराने गेट लावलं. "भाऊ, नो ड्यूजवर (काही बाकी नसल्याच्या दाखल्यावर) सेक्रेटरी साहेबांची सही पाहिजे. तशीच गाडी सोडली तं माही नोकरी जाईन."

सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या फ्लॅटचे 31,400 बाकी आहेत, भरा आणि जा. मी राहायला आलो त्याच्या दोन वर्षं आधीची ही थकबाकी, घरमालकाची. माझ्या सगळ्या महिन्यांच्या पावत्या मोबाइलमध्ये होत्या. त्या पाठवल्या. निळी टिक आली, उत्तर नाही. घरमालक फोन उचलेनात. सेक्रेटरींना परत लावला तर ते लग्नाला रामटेकला निघालेले. "उद्या संध्याकाळी बघू." उद्या? ट्रकमध्ये फ्रिज, गाद्या, आईची औषधं, वर 45 डिग्री, आणि ड्रायव्हर दर अर्ध्या तासाने थांबण्याचे पैसे वाढवून सांगतोय.

तिथे उभ्या उभ्या मी एका वकील मित्राला फोन लावला. तो म्हणाला, थकबाकी सभासदाची. सोसायटी त्यावर व्याज लावू शकते, सहकार कायद्याच्या कलम 154बी-29 खाली (आधी हेच 101 होतं) निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवू शकते, पण सगळं मालकाविरुद्ध. भाडेकरू सभासदच नसतो, त्याचं सामान अडवायचं कशाच्या जोरावर? (आमची नोंदणीकृत सोसायटी होती. नागपुरातल्या बऱ्याच स्कीम 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात, तेव्हा आपली कोणती ते आधी विचारून घ्या.) मी सेक्रेटरींना लिहिलं, "सामान का अडवलं ते लेखी द्या." लेखी म्हटल्यावर तर त्यांनी फोनच बंद केला.

बारा वाजता मी चौकीदारावर ओरडलो. त्याची काय चूक? त्याने मला माठातलं पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "बोर्डावर वाचून पाहा नं, भाऊ."

नोटीस बोर्डाच्या काचेआड पिवळा पडलेला कागद होता. सामान बाहेर नेताना सेक्रेटरी *किंवा* कोषाध्यक्ष यांची सही आवश्यक. कोषाध्यक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू! तीन वर्षांत मला हे माहीत नव्हतं, आणि त्यांनाही बहुतेक आठवत नसावं. काकूंनी माझ्या पावत्या चष्मा लावून एकेक पाहिल्या, "तुमचं तर सगळं भरलेलं आहे," म्हणाल्या आणि सही केली. वरून आईसाठी पन्ह्याची बाटली. दोन वाजता गेट उघडलं.

म्हणून सांगतो, आठवडाभर आधी अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्या. भाडेकरार नोंदवलेला हवाच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची असते, पण त्याची प्रत आपल्याकडे ठेवा. दर महिन्याची पावती मागा, देत नसतील तर ऑनलाइनच भरा.

डिपॉझिट मिळालं, रंगकामाचे पैसे कापून. आणि हो, चावी देण्याआधी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. मी विसरलो, पुढच्या भाडेकरूच्या कूलरचं बिल अजून मलाच मागताहेत.