दुधाचेच दात आहेत, मग घासायचे कशाला?

कुत्र्याच्या पिल्लाचे दात कशाला घासायचे, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच आहे. संध्याकाळी माझ्या पिल्लाला, चिंगीला, घेऊन खाली उतरले की कुणी ना कुणी तो विचारतंच. समोरच्या काकूंनी तर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "काहून वो ताई, कुत्र्याचे दात घासून राहिल्या म्हणे तुम्ही? दुधाचे दात तर पडूनच जाणार ना तिचे!"

पडणारच. काकूंचं म्हणणं खरं आहे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात, चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत तोंडात ४२ पक्के दात येतात. दोन महिन्यांच्या पिल्लाचे दात घासून त्या २८ दातांचं आयुष्य काही वाढत नाही. पण दोन महिन्यांचं पिल्लू तोंडात बोट घालू देतं. तेच पिल्लू आठ महिन्यांचं झालं आणि तोवर कुणी त्याच्या ओठालाही हात लावला नसेल, तर मान फिरवतं, निसटतं, घाबरलं तर चावतंही. मी आत्ता जे करते ते पुढच्या बेचाळीस दातांसाठी.

हे मला सोनूच्या वेळी माहीत नव्हतं. सोनू आमचा पॉमेरेनियन, घरातला पहिला कुत्रा. तो नऊ वर्षांचा असताना एके दिवशी सकाळी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज दिसली. आम्हाला वाटलं, गांधीलमाशी चावली असेल. औषधाने सूज उतरली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आली. मग डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचलून मला आत बघायला सांगितलं. नऊ वर्षांत मी तिथे कधी पाहिलंच नव्हतं. मागचे दात दिसतच नव्हते, त्यांच्यावर पिवळट तपकिरी खपली चढली होती, नळाच्या तोटीवर खाऱ्या पाण्याची चढते तशी. वरच्या जबड्यातली मोठी दाढ सडली होती. तिला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालपर्यंत जातात, म्हणून पू तिथे येऊन साठला होता. भूल देऊन सात दात काढावे लागले. नऊ वर्षांच्या जीवाला भूल देताना बाहेर बाकावर बसून राहणं काय असतं, ते मी तेव्हा अनुभवलं.

पण मला जास्त लागलं ते नंतरचं. जखमा भरल्यावर सोनू असा जेवायला लागला की आम्ही बघत राहिलो. दोन वर्षं आम्ही म्हणत होतो, वय झालंय, खाणं मंदावलंय. तो बिचारा दुखऱ्या दातांनी एका बाजूने चावत होता. तोंडाला वास यायचा, तेव्हा आम्ही म्हणायचो, कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच. तसं नसतं. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला असा कुजका वास येत नाही, आणि कुत्रा दात दुखतो म्हणून विव्हळतही नाही. तो सहन करतो आणि खात राहतो.

दातांवर जेवणानंतर जंतूंचा मऊ, चिकट थर बसतो. तो पुसला तर निघतो. नाही पुसला तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होतो आणि मग ब्रशने हलत नाही. म्हणून घासायचं ते रोज, किंवा अगदीच नाही जमलं तर दिवसाआड. वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूला लाळेच्या नळीचं तोंड उघडतं, त्यामुळे सगळ्यात जास्त खपली तिथेच धरते. बरं हे की तीच बाजू ओठ उचलला की लगेच हाताशी येते. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते, त्यामुळे पिल्लाचा जबडा फाकवायची गरज पडत नाही.

चिंगी गावठी आहे. त्रिमूर्तीनगरातल्या एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर सापडली, फेब्रुवारीच्या शेवटी, जेमतेम आठ आठवड्यांची. इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती दातांपेक्षा महत्त्वाची आहे. रस्त्यावरून आणलेलं पिल्लू असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या. त्या सुईसारख्या दातांनी बोटाला ओरखडा जरी आला तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवा. मला ओरखडा आला होता. मी रेबीजच्या इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण केला. पिल्लू गोड आहे म्हणून यात ढिलाई करायची नाही.

पहिला आठवडा मी दातांना हातच लावला नाही. रात्रीचं जेवण झालं की तिला मांडीवर घ्यायचे, गाल कुरवाळायचे, अंगठ्याने ओठ एकदा उचलायचा आणि सोडायचा. लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. बस, पाच सेकंद. दुसऱ्या आठवड्यात ओठाच्या आत बोट फिरवलं. तिसऱ्या आठवड्यात जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि चिकनच्या कोमट पाण्यात बुडवला. मीठ-मसाला, कांदा-लसूण काही न घालता उकडलेलं पाणी. तो तुकडा तिने आधी चाटला, मग चोखला, मग चावला. चावू दिला. दुसऱ्या दिवशी ती चावता चावता थांबली आणि मी तिच्या सुळ्यावरून बोट खाली ओढलं, हिरडीकडून टोकाकडे. तिने डोळे मिटले. त्या क्षणी मला सोनूची इतकी आठवण आली की हात थांबला.

चौथ्या आठवड्यापासून लहान मुलांचा मऊ ब्रश. ब्रश थोडा तिरपा धरायचा, म्हणजे केस हिरडी आणि दात यांच्या फटीत जातात, आणि छोटे गोल फिरवायचे. तिने मान काढली की मी थांबते. जबरदस्तीने एकदा घासलं तर पुढचे पंधरा दिवस ती ब्रश बघून पलंगाखाली जाईल, हे पक्कं.

आपली टूथपेस्ट चुकूनही वापरू नका. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. आपल्या पेस्टमध्ये फेस आणणारी रसायनं आणि फ्लोराइड असतं, आणि काहींमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. तो कुत्र्यांना विषारी आहे, रक्तातली साखर एकदम खाली आणतो आणि यकृत निकामी करू शकतो. दंतमंजन, मीठ, लवंगेचं तेल, घरचे हे उपायही नकोत. कुत्र्यांसाठीची वेगळी पेस्ट मिळते, ती गिळली तरी चालते. ती नसेल तर नुसता ओला ब्रशही पुष्कळ काम करतो.

आणि हाडं. "हाड चघळलं की दात आपोआप साफ होतात" हे आपल्याकडे सगळेच सांगतात. कडक हाड चावताना तीच वरची मोठी दाढ चिरते, सोनूची गेली तीच. चघळायला काही देताना मी त्यावर नख दाबून बघते. नख रुतलं तर द्यायचं, नाही रुतलं तर नाही. शिजवलेलं हाड तर फुटून त्याच्या काड्या होतात आणि घशात, आतड्यात टोचतात.

चिंगीचे दात पडायला लागले ते ऐन मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला. हिरड्या शिवशिवायच्या आणि ती मिळेल ते चावायची. कूलरची वायर दोनदा तोंडातून काढली. त्यानंतर घरातल्या सगळ्या वायरी आम्ही भिंतीवर वर चढवल्या, तुम्हीही चढवा. ब्रश त्या दिवसांत बंद ठेवला, कारण हिरड्या दुखऱ्या होत्या, थोडं रक्तही यायचं आणि ते चालतं. पण रात्री ओठ उचलणं सोडलं नाही. उन्हात डोक्याला बांधायचा जुना दुपट्टा ओला करून, पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि ती चघळत असताना समोर बसायचे, कारण धागे सुटले तर ती गिळेल. एका दुपारी त्या दुपट्ट्यात तिचा पुढचा दात अडकलेला मिळाला. चिन्नोर तांदळाच्या दाण्याएवढा, मुळाशी थोडं गुलाबी. बहुतेक दात पिल्लं गिळूनच टाकतात, त्यामुळे एखादा मिळाला तर जपून ठेवावासा वाटतो. मी ठेवलाय, काडेपेटीत.

या काळात एक जरूर बघा. नवा सुळा आला आणि दुधाचा सुळा त्याच्या शेजारी तसाच उभा राहिला, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. दोघांच्या फटीत अन्न अडकतं, नवा दात वाकडा येतो. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत हे फार होतं. सोनूला होतं, हे आता त्याचे जुने फोटो बघताना कळतं. नसबंदीच्या वेळी भूल दिलेलीच असते, बरेच डॉक्टर तेव्हाच तो दात काढतात.

याच्या मागोमाग येणारा प्रश्न असतो, "आमचा तर चार वर्षांचा झाला, आता काय?" आधी डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्या. खपली धरली असेल, हिरड्या लाल असतील, तर त्यावर ब्रश फिरवणं म्हणजे दुखऱ्या जागी घासणं, आणि मग तो तुम्हाला पुन्हा जवळ येऊ देणार नाही. खपली भूल देऊन काढतात, हिरडीच्या खालचीसुद्धा. भूल न देता वरवर खरवडून दात चमकवून देणारे असतात, त्यांच्याकडे नेऊ नका, खरा आजार हिरडीखाली तसाच राहतो. हिरड्या बऱ्या झाल्या की आधी ओठ, मग बोट, मग ब्रश, याच क्रमाने सुरुवात करा. फक्त आम्हाला जिथे आठवडे लागले तिथे तुम्हाला महिने लागतील असं धरून चाला, आणि चिकनचे तुकडे जरा जास्तच करून ठेवा.